कण्याचं माप

मराठीत 'कणा' हा शब्द आपण हाडापेक्षा स्वभावासाठी जास्त वापरतो. ताठ कण्याचा माणूस, कणा नसलेला पुढारी, शेती हा अर्थव्यवस्थेचा कणा, आई हा घराचा कणा. आम्ही कविता लिहिणारे तर या एका शब्दावर पिढ्यान्पिढ्या जगत आलो आहोत. कवितेत कणा ताठ असतो, वाकतो किंवा मोडतो. तो किती मिलिमीटर जाड आहे, ही चौकशी कवी करत नाहीत. ती सर्जनला करावी लागते, आणि गेल्या साठ-पासष्ट वर्षांत तर फार बारकाईने करावी लागते आहे. मी कलाशाखेचा पदवीधर, वैद्यक काही शिकलेलो नाही. पण हाडं मोजण्याचा हा इतिहास वाचत गेलो तसतसं जाणवलं, की हा विषय एकट्या डॉक्टरांचा नव्हे. 'माणूस' हा शब्द उच्चारताना आपल्या डोळ्यांपुढे नेमका कोण उभा असतो, हा प्रश्न त्यात दडलेला आहे. म्हणून आज त्याविषयी थोडं बोलणार आहे.

आधी कण्याची ओळख करून घेऊ. मूल जन्मतं तेव्हा त्याच्या कण्यात साधारणपणे ३३ मणके असतात. मानेत ७, छातीच्या मागे १२, कमरेत ५. त्याखालचे ५ मणके वाढत्या वयात एकमेकांना जुळून त्रिकास्थी नावाचं एकच हाड बनतं, आणि अगदी तळाचे चार छोटे मणके म्हणजे आपलं माकडहाड. प्रत्येक मणक्याचा पुढचा भाग एखाद्या गोल ठोकळ्यासारखा असतो. शरीराचा बराचसा भार तो पेलतो. मागचा भाग कमानीसारखा. ठोकळा आणि कमान यांच्यामध्ये जी पोकळी राहते, तिच्यातून वरच्या भागात मज्जारज्जू आणि खाली कमरेत नसांचा जुडगा जातो. कमान ठोकळ्याला जिथे जोडलेली असते, तिथे दोन आखूड खांब असतात, एक डावीकडे, एक उजवीकडे. वैद्यकात त्यांना पेडिकल म्हणतात. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ 'छोटासा पाय'. मी आपला त्याला देठ म्हणतो. फळ आणि फांदी यांच्यामधल्या देठासारखाच तो आखूड, आणि सगळा जोड त्याच्यावरच. आजच्या गोष्टीत हा देठच महत्त्वाचा आहे.

माणसाने कणा मोजायला सुरुवात केली ती मोजपट्टीने नव्हे, तर मोजदादीने. म्हणजे हाडं किती, एवढंच आधी मोजलं गेलं. सुश्रुतसंहितेत पाठीची हाडं तीस सांगितली आहेत. दुसऱ्या शतकातल्या गेलन या ग्रीक वैद्याने मान, छाती आणि कंबर मिळून २४ मणके सांगितले आणि तो आकडा बरोबर होता. पण गेलनचं बरंचसं विच्छेदन माकडांवर झालेलं होतं. माकडाच्या शरीरात पाहिलेलं माणसाच्या नावावर मांडलं गेलं आणि पुढे हजारभर वर्षं ते प्रमाण मानलं गेलं.

इब्न सीना यांचा 'कानून' हा ग्रंथ १०२५ च्या सुमारास पूर्ण झाला. त्यात कण्याची तुलना जहाज बांधताना सर्वांत आधी ठेवल्या जाणाऱ्या तळाच्या लाकडाशी केली आहे. आपल्या कोकणात गलबत बांधणाऱ्या सुताराला ही उपमा समजावून सांगावी लागणार नाही. तळाचं लाकूड चुकलं की सगळं गलबत चुकतं. पण इब्न सीना यांच्या हाडांच्या वर्णनावरही गेलनची छाया होती.

ही छाया प्रथम ज्यांनी उघडपणे दूर सारली, त्यांत अब्द अल-लतीफ अल-बगदादी यांचं नाव घ्यावं लागतं. ११६२ साली बगदादमध्ये जन्मलेला हा विद्वान १२०० ते १२०२ या वर्षांत इजिप्तमध्ये होता. तेव्हा नाईल नदीला पुरेसं पाणी आलं नाही आणि भयंकर दुष्काळ पडला. कैरोजवळ माणसांच्या अस्थींचे ढीग पडले होते. अल-बगदादींनी तिथे जाऊन हाडं हातात घेऊन पाहिली. गेलनने खालचा जबडा दोन हाडांचा सांगितला होता. यांनी दोन हजारांहून अधिक कवट्या तपासल्या आणि तो एकाच हाडाचा असल्याचं लिहून ठेवलं. गेलन थोर खरा, पण डोळ्यांनी दिसतं ते त्याच्या शब्दापेक्षा जास्त विश्वासाचं, असं त्यांचं म्हणणं. पुढे १५४३ मध्ये आंद्रियास व्हेसालियस यांचा शरीररचनेवरचा सचित्र ग्रंथ आला आणि गेलनच्या अशा कितीतरी समजुती युरोपातही मोडीत निघाल्या.

यातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. अल-बगदादी एका कवटीवर थांबले नाहीत. एक पाहिली असती तर कुणी म्हणालं असतं, ती अपवाद असेल. दोन हजार पाहिल्यावर तसं म्हणायची सोय उरली नाही. ती हाडं कुणाची होती? भुकेने मेलेल्या, मागे कुणी उरलं नाही अशा माणसांची. हा धागा लक्षात ठेवा. पुढे तो पुन्हा येणार आहे.

आता मोजपट्टीकडे वळू. शाळा-कॉलेजात पदार्थविज्ञानाच्या प्रयोगात आपण व्हर्नियर कॅलिपर हाताळलेला असतो. त्याची युक्ती पिएर व्हर्नियर यांनी १६३१ मध्ये प्रसिद्ध केली. म्हणजे मिलिमीटरच्या दहाव्या भागापर्यंत मोजण्याची सोय केव्हाच झाली होती. तरी मणक्याचा देठ मोजावा असं फारसं कुणाला वाटलं नाही. कारण सरळ आहे. त्यात काही बसवायचंच नव्हतं.

क्षयाने पोखरलेला कणा वाकू नये म्हणून न्यूयॉर्कमध्ये रसेल हिब्स आणि फ्रेड आल्बी यांनी १९११ मध्ये मणके एकमेकांशी सांधण्याच्या शस्त्रक्रिया केल्या. आल्बी तर रुग्णाच्याच नडगीचं हाड काढून पाठीत बसवत. त्यानंतर पोलिओचे दिवस आले. पोलिओने कणा वाकलेल्या मुलांसाठी ह्यूस्टनच्या पॉल हॅरिंग्टन यांनी पोलादी दांडा आणि आकडे तयार केले. १९६२ मध्ये त्यांनी ती पद्धत सविस्तर मांडली. हे आकडे मणक्याच्या मागच्या भागात अडकवायचे. छत्री खुंटीला अडकवावी तसे. त्यासाठी देठाची जाडी मिलिमीटरमध्ये माहीत असण्याची गरज नव्हती.

ती गरज १९६३ मध्ये निर्माण झाली. पॅरिसचे सर्जन रेमों रॉय-कामीय यांनी पाठीमागून देठातून स्क्रू घालून तो थेट पुढच्या ठोकळ्यात नेला आणि असे स्क्रू पट्टीने एकमेकांना जोडले. मोडलेला कणा आता पुढून-मागून पक्का धरता येऊ लागला. पलंगाला बोल्ट घट्ट बसावा तसा हा प्रकार. १९७० मध्ये त्यांनी तो प्रसिद्ध केला आणि आज जगभर कण्याच्या शस्त्रक्रियेत हाच मार्ग सर्वाधिक वापरला जातो. पण मार्ग अरुंद आहे. देठाच्या आतल्या बाजूला मज्जारज्जूची पोकळी. वर-खाली हाता-पायांकडे आणि फासळ्यांकडे जाणाऱ्या नसा. ठोकळ्याच्या पुढे मोठ्या रक्तवाहिन्या. स्क्रू जाड झाला तर देठ फुटणार. बारीक झाला तर पकड नाही. लांब झाला तर पुढून बाहेर. तिरपा झाला तर नसेला लागणार. दोन-तीन मिलिमीटरच्या चुकीने माणसाचा पाय कायमचा लुळा पडू शकतो.

तेव्हा कुठे मोजमाप सुरू झालं. १९७६ मध्ये रॉय-कामीय यांचे सहकारी जेरार साय्याँ यांनी देठांचा अभ्यास प्रसिद्ध केला. १९८७ मध्ये अमेरिकेत मायकेल झिंड्रिक आणि सहकाऱ्यांनी छाती आणि कंबर मिळून २९०५ देठांची मापं मांडली. त्यातले दोनच आकडे सांगतो. कमरेच्या पाचव्या मणक्याच्या देठाची सरासरी रुंदी १८ मिलिमीटर, तर छातीच्या पाचव्या मणक्याची फक्त ४.५ मिलिमीटर. म्हणजे टपोऱ्या ज्वारीच्या दाण्याएवढी. एकाच माणसाच्या एकाच पाठीत चौपट फरक. दिशेचंही तसंच. कमरेचा शेवटचा देठ सुमारे ३० अंश कललेला, तर छातीच्या बाराव्या मणक्याचा जवळपास सरळ. प्रत्येक मजल्यावर जिन्याचं तोंड निराळ्या दिशेला असलेली इमारत डोळ्यांपुढे आणा, म्हणजे सर्जनची अडचण कळेल.

आता तो मघाचा धागा. ही मापं कुणाच्या हाडांवर घेतली गेली? अमेरिकेत क्लीव्हलँड शहरात सांगाड्यांचा एक प्रसिद्ध संग्रह आहे. कार्ल हॅमन यांनी तो सुरू केला आणि १९१२ ते १९३८ या काळात विंगेट टॉड यांनी वाढवला. तीन हजारांहून अधिक माणसांचे सांगाडे, सोबत वय आणि लिंग यांची नोंद. कण्याच्या मोजमापाचे कित्येक अभ्यास याच संग्रहावर झाले आहेत. ही बहुतेक माणसं म्हणजे त्या शहरातल्या रुग्णालयांत आणि शवागारांत राहिलेले बेवारस देह. गरीब मजूर, परदेशांतून पोटासाठी आलेले, कृष्णवर्णीय. त्यांत पुरुष जास्त, बायका कमी. कुणी त्यांची परवानगी घेतलेली नव्हती.

आपल्याकडची गोष्ट याहून फार निराळी नाही. जगभरच्या वैद्यकीय महाविद्यालयांत ज्या सांगाड्यांवर विद्यार्थी शिकले, त्यांतले पुष्कळसे भारतातून, मुख्यतः कोलकात्याच्या व्यापाऱ्यांकडून गेलेले होते. १९८५ मध्ये भारत सरकारने ही निर्यात बंद केली. म्हणजे एखाद्या परदेशी सर्जनने तरुणपणी पहिला मणका हातात घेतला असेल, तो बिहार-बंगालमधल्या एखाद्या अनाम माणसाचा असण्याची शक्यता बरीच होती. त्याच्या हयातीत त्याची पाठ कुणी तपासली असेल की नाही, कोण जाणे.

सुरुवातीच्या या मापांतून 'माणूस' म्हणून जो उभा राहिला, तो एक सरासरी प्रौढ मनुष्य होता, बहुधा पुरुष आणि बहुधा पाश्चात्त्य. पण ऑपरेशनच्या टेबलावर सरासरी मनुष्य कधीच येत नाही. तिथे कुणाची आजी येते, कुणाची सहा वर्षांची मुलगी येते.

बायकांचं आधी बघू. त्याच मणक्याचा देठ बायकांत पुरुषांपेक्षा सरासरीने बारीक असतो, हे मोजमापातून पुन्हा पुन्हा दिसलं. पण बाईचा कणा म्हणजे पुरुषाच्या कण्याची लहान आवृत्ती, असंही नव्हे. २००७ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात कॅथरीन व्हिटकम आणि सहकाऱ्यांचा एक लेख आला. कमरेचा बाक देणारे पाचरीसारखे मणके पुरुषांत दोन, तर बायकांत तीन असतात, असं त्यांनी दाखवलं. पोटात बाळ असताना पुढे जाणारा तोल सावरायला ही योजना. लक्षावधी वर्षांची बाळंतपणं त्या तिसऱ्या मणक्यात लिहिलेली आहेत.

मुलांची गोष्ट आणखी वेगळी. लहान मुलाच्या मणक्यात ठोकळा आणि कमान यांच्यामध्ये वाढीचा कूर्चेचा थर असतो आणि तो बालपणात हळूहळू हाडात बदलतो. मज्जारज्जूची पोकळी मात्र पाच-सहा वर्षांच्या वयातच जवळपास मोठ्या माणसाएवढी झालेली असते. देठ पुढेही जाड होत राहतात. म्हणजे मोठ्यांच्या मापाला अमुक टक्क्यांनी गुणलं आणि मुलाचं माप निघालं, असं होत नाही. ते मुलांमध्येच मोजावं लागतं. अशी स्वतंत्र मापं प्रसिद्ध व्हायला १९९० चं दशक उजाडलं.

आणि म्हातारपण. उतारवयात, विशेषतः पाळी थांबल्यानंतर बायकांत, हाडं आतून विरळ होत जातात. देठाची बाहेरची रुंदी पट्टीवर तेवढीच दिसते, पण आतली जाळी पोकळ झालेली असते. वाळवी लागलेल्या चौकटीत स्क्रू घालून पाहा. भोक बरोबर आहे, स्क्रू बरोबर आहे, पण लाकूड धरतच नाही. म्हणून वयाच्या बाबतीत जाडीबरोबर घनताही मोजावी लागते. काही वेळा अशा हाडात सिमेंटसारखा पदार्थ भरून स्क्रूला आधार देतात.

राहिला प्रश्न देशाचा. १९९० च्या दशकात चीन आणि कोरियातल्या संशोधकांनी आपापल्या लोकांची मापं प्रसिद्ध केली. २००२ ते २००४ या काळात 'स्पाइन' या नियतकालिकात भारतीय कण्यांवरचे अभ्यास आले, २०१० मध्ये ४५० मणक्यांचा आणखी एक आला. सौराष्ट्रासारख्या एकेका प्रदेशाची मापंही घेतली गेली. बऱ्याच ठिकाणी आपले देठ पाश्चात्त्य सरासरीपेक्षा बारीक निघाले. परदेशी मापाने बनवलेला स्क्रू आपल्या पाठीत डोळे मिटून घालता येणार नाही, असा याचा व्यवहारातला अर्थ.

इथे मात्र सावध व्हायला हवं. कारण माणसांचे गट करून मोजमाप घेण्याला एक काळा इतिहास आहे आणि तो आपल्याच देशात घडलेला आहे. हर्बर्ट रिस्ले या इंग्रज अधिकाऱ्याने बंगालमधल्या जाती-जमातींची नाकं मोजली आणि १८९१ मध्ये ते आकडे छापले. नाक जितकं रुंद तितकी जात खालची, असा सिद्धांत त्यातून उभा केला. हेच रिस्ले १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४८ च्या आपल्या अस्पृश्यांविषयीच्या इंग्रजी ग्रंथात नाकांच्या मापांचे तक्तेच पुढे ठेवले आणि त्यांवरूनच दाखवून दिलं, की ब्राह्मण आणि अस्पृश्य हे निरनिराळ्या वंशांचे ठरत नाहीत. मोजणाऱ्यांचंच शस्त्र त्यांनी मोजणाऱ्यांवर उलटवलं.

कॅलिपर दोन्हीकडे एकच. फरक हेतूचा. रिस्लेला माणसाची पायरी ठरवायची होती. सर्जनला समोरच्या माणसाला इजा न होता उभं करायचं असतं. शिवाय आकड्यांचा नीट विचार केला तर सरासरीचा फोलपणाही दिसतो. एकाच गावातल्या दोन माणसांच्या देठांतला फरक पुष्कळदा दोन देशांच्या सरासरींमधल्या फरकापेक्षा मोठा असतो. आपल्याकडचा कासार हे न शिकता जाणतो. बायकांच्या हाताचं सर्वसाधारण माप त्याला पाठ असतं, म्हणून तर तो पेटीत कोणत्या मापाच्या किती बांगड्या ठेवायच्या ते ठरवतो. पण बांगडी भरताना तो समोरच्या बाईचा हात हातात घेतो, दाबून बघतो आणि मगच डझन सोडतो.

समोरचा हात हातात घेण्याची सोय सर्जनला सी.टी. स्कॅनने दिली. गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमध्ये पहिल्या रुग्णाच्या मेंदूचं चित्र घेतलं. १९७९ मध्ये त्यांना ॲलन कॉरमॅक यांच्यासोबत नोबेल पारितोषिक मिळालं. हाडाचे काप मेलेल्या देहावर करावे लागत, ते आता जिवंत माणसाच्या अंगाला सुरीही न लावता पडद्यावर दिसू लागले. प्रत्येक देठाची रुंदी, उंची, कल, सगळं ऑपरेशनच्या आधी मोजता येतं. चित्रातल्या प्रत्येक बिंदूला हाउन्सफील्ड यांच्याच नावाने एक आकडा असतो. पाण्याचा शून्य, हवेचा उणे हजार. हाडाच्या आकड्यावरून ते किती विरळ झालं आहे याचाही अंदाज बांधता येतो.

मग जुन्या सरासऱ्यांचं काय? त्यांची गरज संपलेली नाही. कारखान्याने कोणत्या जाडीचे स्क्रू किती बनवायचे, रुग्णालयाने कोणते हाताशी ठेवायचे, शिकाऊ डॉक्टरने कुठल्या मणक्याशी जास्त जपून वागायचं, हे सरासरीवरूनच ठरतं. सरासरी हे कासाराच्या पेटीचं काम करते. पेटीत स्त्रियांची, मुलांची, म्हाताऱ्यांची, आपल्या मातीतल्या लोकांची मापं नसतील, तर ऐनवेळी बांगडी मिळणार कुठून?

आणि ही पेटी भरते ती कुणीतरी आपलं शरीर दिल्यामुळे. मुंबई राज्याने १९४९ मध्ये शरीररचनाशास्त्राविषयीचा कायदा केला, त्यात बेवारस मृतदेह अभ्यासासाठी देण्याची तरतूद झाली. शेकडो वर्षं हे ज्ञान अशांच्याच अस्थींवर उभं राहिलं, ज्यांना कुणी विचारलं नाही आणि ज्यांची नावं कुठल्याही तक्त्यात नाहीत. अलीकडे स्वतःहून देहदानाचा अर्ज भरणारी माणसं आपल्या गावांतून, शहरांतून दिसू लागली आहेत. हा निर्णय ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा आणि घरच्यांच्या मनाचा. त्यावर मी उपदेश करणार नाही. एवढं मात्र म्हणेन, की घेतलेला देह आणि दिलेला देह यांत फार अंतर आहे.

उद्या तुमच्या घरातल्या कुणाच्या पाठीचं ऑपरेशन ठरलं, तर डॉक्टरांना एक प्रश्न जरूर विचारा. 'हाडाचं माप बघितलंत का? ठिसूळपणा किती आहे?' चांगला डॉक्टर रागावणार नाही. तो स्कॅनची फिल्म उजेडापुढे धरेल किंवा पडद्यावर लावेल आणि बोट ठेवून तो बारीकसा देठ तुम्हाला दाखवेल. तो बघताना क्षणभर त्या अनोळखी माणसांचीही आठवण ठेवा, ज्यांच्या पाठीवरून हे बघायला आपण शिकलो.